बारकीचं गिफ्ट

आमच्या बारकीचा बड्डे येतो बरोब्बर सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर जत्रेच्या दिवसात. लहान होती तोपर्यंत काय टेन्शनच नव्हतं, अक्षता सोहळा झाला, दारूकाम झालं की तिला होम मैदानावर न्यायचं, पाळण्यात बसवायचं, एक पिपाणी घेऊन द्यायची, खुश! पिपाणीमुळं पुढं आठवडाभर घरातले बाकी सगळे नाखुश, पण तो विषय वेगळा.

आता ती पुण्यात जॉबला आहे. म्हणजे काय ते समजून घ्या.

तिचा नियम असाय की गिफ्ट सरप्राइजच पाहिजे, पण तिच्याच आवडीचं पाहिजे, आणि आवड काय ते विचारायचं नाही. विचारलं की "दादा, एवढ्या वर्षात तुला एवढं पण कळंना का बे?" बरं चादर द्यावी तर ते गिफ्ट नसतंय म्हणे, आहेर असतोय. अहो, २००५ सालापासून जीआय टॅग आहे आमच्या चादरीला! आणि हीच बया पुण्याला जाताना मैत्रिणींसाठी तीन-तीन मयूरपंखी चादरी आणि वर शेंगा चटणी बांधून नेती, तिकडं सगळ्या "वॉव" करतेत म्हणे. मी दिली की मात्र आहेर.

मग उरली आमच्या सोलापूरची नवी पेठ. संध्याकाळी नवी पेठेत गाडी लावायला जागा शोधणं हाच एक अर्धा दिवसाचा कार्यक्रम, त्यात गड्ड्याला आलेली अख्खी खेड्यापाड्यातली पब्लिक. शेवटी एका दुकानात मरून कलरचा कुर्ता घेतला. दुकानदार मोबाईलमधून मान वर काढायला तयार नाही, मागं पाटी, 'विकलेला माल बदलून मिळणार नाही'. घासाघीस केली तर "फिक्स रेट आहे साहेब" एवढंच.

घरी येऊन किमतीचं स्टिकर नखानं खरवडून काढलं, कागद निघाला पण डिंक काय निघंना. बारकीनं पॅकिंग फोडलं, कुर्ता बघायच्या आधी लेबलवरून अंगठा फिरवला, चिकट लागल्यावर माझ्याकडं एक नजर टाकली, मग उलटा करून शिवण बघितली, बाही ओढून बघितली. पोलीस पंचनाम्याला पण एवढा टाइम लावत नाहीत.

"छान आहे. बिल कुठाय?"

म्हणलं बाई, पाटी लावलीय तिथं, बदलून देत नाहीत. "तू दे तर."

तासाभरात आली. कुर्ता बदलून दुसरा, त्यावर मॅचिंग ओढणी, शंभर रुपये परत, आणि दुकानदारानं वर चहा पाजलेला.

"काय म्हणला गं तो?"

"म्हणला, ताई, पुढच्या वर्षी पण आधी दादालाच पाठवा."