मसाल्याच्या पाकिटाची मागची बाजू आधी नीट करा

बचत गटांच्या प्रदर्शनात, मग ते मुंबईतलं ‘महालक्ष्मी सरस’ असो की तालुक्याच्या गावी मांडव घालून भरवलेलं, एकाच रांगेत आठ-दहा जणींचा कांदा-लसूण मसाला असतो. प्रत्येक टेबलावर चव घेऊन बघणं शक्य नसतं. गिऱ्हाईक पाकीट हातात घेतं, दाबून बघतं, उलटं करतं, मागचं वाचतं आणि पिशवीत टाकतं किंवा परत ठेवतं. मसाल्याबद्दलचं त्याचं मत तिथेच ठरतं, आणि मसाला तर अजून त्याने पाहिलेलासुद्धा नसतो.

छोट्या खाद्यउद्योगांत ब्रँडिंगचा पैसा चुकीच्या टोकापासून खर्च व्हायला लागतो, हे माझं ठाम मत आहे. पहिला खर्च लोगोवर. सोनेरी कडा, नऊवारीतली बाई, जातं, चूल, वर ‘आईच्या हातची चव’. अशी दहा पाकिटं शेजारी ठेवली की कुठलं कुणाचं ते ओळखू येत नाही. आणि मागे, जिथे गिऱ्हाइकाची शंका फिटायला हवी, तिथे तीन ओळी आणि बॉलपेनाने खरडलेली तारीख, तीही बोट लागून पुसलेली. ज्या घरात मिरची निवडून, देठ काढून, उन्हात चार-चारदा हलवून वाळवली जाते, त्या घराचं पाकीट असं बेफिकीर दिसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून सुरुवात मागच्या बाजूने करा.

मागे काय हवं ते कायद्याने ठरवलेलंच आहे. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बॅच क्रमांक, सर्व करांसह कमाल किंमत, एका ग्रॅमची किंमत (२०० ग्रॅम १८० रुपयांना असेल तर ग्रॅमला ९० पैसे), तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एफएसएसएआयचा (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका मात्र पुढे, पदार्थाच्या नावाजवळ. पुढच्या बाजूचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर ठिपक्याचा व्यास किमान ३ मिलिमीटर, १०० ते ५०० असेल तर ४. आणखी एक गोष्ट अनेकींना उशिरा कळते: ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते, मराठी सोबत देता येते. म्हणजे फक्त मराठी लेबल नियमात बसत नाही. मांडणी करतानाच जागा ठरवा, पुढे मराठी ठळक आणि मागे दोन्ही भाषा. शेवटी आठवण झाली की इंग्रजी मजकूर मुंगीएवढ्या अक्षरात कोपऱ्यात कोंबला जातो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की काहीतरी लपवायचं आहे.

घटकांची यादी बहुतेक जण सक्ती म्हणून उरकतात. माझ्या मते पाकिटावरची सगळ्यात मोलाची जाहिरात तीच आहे. ‘मिरची, मसाले, मीठ, खाद्यतेल’ हे वाचून काहीच कळत नाही. ‘संकेश्वरी मिरची, ब्याडगी मिरची, सुकं खोबरं, कांदा, लसूण, धणे, तीळ, शेंगदाणा तेल, मीठ’ हे वाचलं की ज्याला स्वयंपाकातलं कळतं त्याला रंग आणि तिखटपणा दोन्हींचा अंदाज येतो. ब्याडगी आधी लिहिली असेल तर रंग जास्त, जाळ कमी, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या गिऱ्हाइकाला सांगावं लागत नाही. तेलाचं नाव घालायलाच हवं, नुसतं ‘खाद्यतेल’ चालत नाही, आणि शेंगदाणा असेल तर तो ठळक दिसला पाहिजे, कारण काहींना त्याची ॲलर्जी असते.

गावाचं नाव लिहिताना जपा. भिवापूरची मिरची, सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ यांना भौगोलिक मानांकन आहे. मानांकनाचं चिन्ह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ या शब्दांवरही २०१८ च्या एफएसएसएआय नियमांत अटी आहेत. ‘घरगुती’सुद्धा गिऱ्हाइकाचा चुकीचा समज होईल अशा रीतीने वापरता येत नाही. हे शब्द गेले म्हणून हळहळू नका. ते सगळ्यांच्याच पाकिटावर आहेत, त्यामुळे त्यांच्यावर आता कुणी विश्वास ठेवत नाही. ‘डंखात कुटलेला’ (डंख म्हणजे मसाला कुटायचं यंत्र) हे खरं असेल तर ते लिहा, त्यातून जास्त कळतं.

आता पाकीट. मसाला छान लाल दिसतो म्हणून पारदर्शक पिशवी घेतली जाते, आणि तिथेच घात होतो. मिरचीचा लाल रंग उजेडाने आणि हवेने उडतो. दुकानाच्या काचेपाशी काही आठवडे राहिलेलं पाकीट विटकरी दिसायला लागतं, वासही उतरतो. घेणाऱ्याला तो जुना माल वाटतो, मग तारीख काहीही असो. त्यापेक्षा आतून चंदेरी थर असलेली, उभी राहणारी झिपची पिशवी घ्या. बाहेर पीईटी प्लास्टिक, मध्ये मेटलाइज्ड म्हणजे धातूचा मुलामा दिलेला थर आणि आत पॉलिथिन अशी तीन थरांची बाजारात तयार मिळते. माल दाखवायचाच असेल तर मागच्या बाजूला रुपयाएवढी खिडकी पुरे.

पिशवी भरताना वरचा दीड-दोन इंच भाग रिकामा सोडा आणि सील करण्याआधी आतली कड कोरड्या फडक्याने पुसा. सीलमध्ये मसाल्याची भुकटी अडकली की दोन्ही थर नीट चिकटत नाहीत. आधी वास बाहेर येतो, मग ओल आत जाते, मग गुठळ्या होतात. हातावरच्या छोट्या सीलरची रेघ जेमतेम २ मिलिमीटरची असते. थोड्या अंतरावर दोन रेघा मारा, किंवा गटाने मिळून बँड सीलर, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर पिशव्या सील करणारं यंत्र, घ्या. स्टेपलची पिन मारलेली पिशवी तर कृपा करून कुणाला देऊ नका, खाण्याच्या पदार्थाजवळ सुटी पिन येता कामा नये.

लोणच्याचं दुखणं वेगळं. तेल झाकणातून झिरपतं, कागदी लेबलवर पसरतं, हळदीचा डाग पडतो, आणि फळीवरची बरणी कुणीतरी वापरून परत ठेवल्यासारखी दिसते. लेबल कागदाचं न करता पीपी फिल्मचं (प्लास्टिकच्या पातळ कागदाचं) करा, तेल-पाणी पुसलं की निघतं. प्लास्टिकच्या बरणीला इंडक्शन सील, म्हणजे झाकणाखाली तोंडाला चिकटणारी फॉइलची चकती, लावा. काचेच्या बरणीला आतून लॅकरचा लेप दिलेलंच झाकण घ्या, साध्या पत्र्याला मीठ आणि आंबटपणा खातो आणि कडेला गंज दिसू लागतो. लेबल लावताना बरणी पूर्ण कोरडी आणि तेलाचं बोट न लागलेली हवी, नाहीतर आठवड्यात कोपरे उचलतात. ती वर-खाली निमुळती असेल तर सरळ पट्टीच्या लेबलला सुरकुत्या पडणारच, म्हणून सरळ भिंतीची निवडा. लेबलं वाकडी लागू नयेत म्हणून पुठ्ठ्याला खाच पाडून एक साचा करा, बरणी त्यात आडवी ठेवायची आणि दर वेळी त्याच खुणेवर लेबल टेकवायचं. दहा बरण्यांवर लेबल एका रेषेत असलं की टेबलाचं रूपच बदलतं.

गोल बरणीचं मोजमापही बघा. ७ सेंटिमीटर व्यासाच्या बरणीचा घेर साधारण २२ सेंटिमीटर भरतो, पण समोर उभ्या माणसाला त्यातले ७ सेंटिमीटरच नीट दिसतात. पदार्थाचं नाव त्या ७ सेंटिमीटरांत मावलं पाहिजे. ‘कैरीचं लोणचं’मधलं ‘कैरीचं’ समोर आणि ‘लोणचं’ वळणावर गेलं, तर तीन फुटांवरून काय विकायला ठेवलंय तेच कळत नाही.

आणि अक्षरं. यावर थोडं जास्त बोलायला हवं, कारण मराठी उद्योगांची सगळ्यात जास्त हानी इथे होते आणि ती फुकटात टाळता येते. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, अधेमध्ये जोडाक्षरं. इंग्रजीसाठी सोडलेल्या उंचीत मराठी बसवलं की मूळ अक्षर बारीक होतं. त्यामुळे शेजारी इंग्रजी असेल तर मराठीचा आकार मुद्दाम वाढवावा लागतो, आणि दोन ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. इंग्रजीत अक्षरं सुटी करून ऐसपैस मांडतात, तसं मराठीत केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. जागा भरायची म्हणून शब्द आडवा ताणला तर उभ्या रेघा जाड होतात आणि आडव्या त्यामानाने बारीक दिसतात. डोळ्याला काहीतरी बिनसलेलं कळतं, काय ते सांगता येत नसलं तरी.

छपाईवाल्याकडे बहुधा कोरल ड्रॉ हे सॉफ्टवेअर आणि जुने, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत) नसलेले फाँट असतात. तुम्ही वापरलेला फाँट त्याच्याकडे नसला की मजकुराची अगम्य चिन्हं होतात. फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदला, म्हणजे हा प्रश्न मिटतो. फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये दक्षिण आशियाई लिपींची सोय चालू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. तशी छापलेली ‘मिरची’ घरच्या माणसाला घाईत दिसत नाही, विकत घेणाऱ्याला मात्र आधी तीच दिसते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत ना, तेही बघा, पुष्कळ फाँट हिंदी वळणाची अक्षरं देतात. मुंबईच्या ‘एक टाईप’ या अक्षररचना करणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फाँट मोफत आणि व्यवसायासाठी खुले आहेत. मुक्ता माहितीसाठी, बालू नावासाठी, एवढ्यावर एक चांगलं लेबल उभं राहतं.

रंगाचं थोडक्यात सांगते. मोबाइलच्या पडद्यावरचा झगझगीत केशरी किंवा पोपटी छापताना मंद होतो, तेव्हा एक नमुना छापून घेऊन दिवसाउजेडी बघितल्याशिवाय होकार देऊ नका. सोनेरीवर काळी बारीक अक्षरं उजेड पडला की वाचता येत नाहीत, पांढऱ्यावर पिवळी कधीच येत नाहीत. तारखेसाठी थर्मल स्टिकर वापरत असाल तर ते ऊन आणि उष्णतेने बिघडतं. रिबनवाला प्रिंटर किंवा पक्क्या शाईचा शिक्का बरा.

विक्रीच्या टेबलावर क्यूआर कोड असतो. पाकिटावर गटाचं नाव, आणि स्कॅन केल्यावर भलत्याच माणसाचं नाव. पैसे पाठवणाऱ्याचं बोट तिथे क्षणभर थांबतंच. उद्योगाच्या नावाने चालू खातं काढा, निदान क्यूआरखाली ‘पैसे अमुक नावाने जमा होतील’ अशी पाटी लावा. व्हॉट्सॲपवरचे फोटो खिडकीच्या उजेडात, बाजूने प्रकाश घेऊन काढा, सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत रश्श्याचा फोटो पाकिटावर घालू नका, घरी तसा रस्सा झाला नाही की दोष तुमच्या मसाल्यालाच लागतो.

एकदा लोकांच्या डोळ्यांत बसलेलं रूप वरचेवर बदलू नका. अमेरिकेत ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या ब्रँडने जानेवारी २००९ मध्ये संत्र्यात स्ट्रॉ खोचलेलं आपलं ओळखीचं चित्र काढून रसाचा पेला छापला. रस तोच होता, पण लोकांना फळीवर डबा सापडेना. विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि दोन महिन्यांच्या आत जुनं चित्र परत आणण्याची घोषणा करावी लागली. तेव्हा सुधारणा करताना एका वेळी एकच गोष्ट हलवा. नावाचं अक्षर सुधारलंत तर रंग तोच ठेवा, पिशवी बदललीत तर लेबल तेच ठेवा.

आणि पहिल्याच फेरीत छापील पाकिटांचा रोल काढू नका. ग्रॅव्हुअर छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर करावा लागतो, मग खर्च वसूल व्हायला हजारो पाकिटं घ्यावी लागतात, आणि मध्येच पत्ता किंवा किंमत बदलली की सगळी पडून राहतात. आधी साध्या पिशवीवर डिजिटल छपाईची २०० ते ५०० लेबलं लावून एक हंगाम काढा. गिऱ्हाईक कुठे अडखळतं, फोन करून काय विचारतं, ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी सिलिंडर करायचेच ठरले तर संक्रांतीच्या सुमारास ऑर्डर द्या, म्हणजे उन्हाळ्यात मसाले कुटायला घ्याल तेव्हा नवी पाकिटं हातात असतील.