पंचनाम्याला शोभेल असं घर

गावच्या घराची वादळ-वणव्याआधीची तयारी कुठून सुरू करायची, असं विचाराल तर कुलपापासून. कुलूप भक्कम हवं, पितळी असेल तर उत्तम. छप्पर उडालं, मागची भिंत बसली, तरी दारावर कुलूप तसंच लटकत राहिलं पाहिजे. फोटोत शोभा येते. किल्ली डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये देवाच्या तसबिरीमागे. एक किल्ली शेजारच्या काकांकडे ठेवावी असं मनात येईल, येऊ देऊ नका. काकांकडे किल्ली असली की काका आत जातात, आत गेले की गळती बघतात, गळती दिसली की फोन करतात. आणि फोन आला की खर्च आला.

आपल्या कोकणात वणवा आधी येतो, वादळ नंतर. भात कापून झालं की सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळमाळावरचं, गवत वाळत जातं, शिमग्याच्या सुमारास ते कंबरेएवढं उभं आणि पापडासारखं कुरकुरीत झालेलं असतं. ते उभंच राहू द्या. कापायला गडी मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी ऐकून आपणच खाली बसतो. गावात एखादा अतिउत्साही माणूस असतोच, जो घराभोवतीची वीस-तीस फूट जमीन बोडकी करतो, बागेच्या कडेने गवत काढून जाळरेषा मारतो, आणि तो पट्टा पहाटे, वारा पडलेला असताना, चार माणसं आणि पाणी हाताशी ठेवून जाळून घेतो. पुढे वणवा त्या पट्ट्यापाशी येतो, खायला काही मिळत नाही आणि तिथेच बसतो. अशा माणसापासून लांब राहा. तुम्ही जाळरेषा नेमकी कोणाच्या हद्दीतून मारायची हा प्रश्न भाऊबंदांपुढे मांडा. एवढं केलंत की मे महिना आपोआप उजाडतो.

पातेरा तर अजिबात काढू नका. आंब्या-फणसाची वाळकी पानं कौलांच्या खाचांत आणि पन्हळीत चांगली बोटभर साठली पाहिजेत. वणव्याच्या ज्वाळा दरवेळी घरापर्यंत पोचतातच असं नाही, पण वाऱ्यावर उडालेल्या ठिणग्या पोचतात, आणि पाहुण्यांना बसायला जागा करून ठेवणं ही आपली रीत आहे. मागीलदारी भिंतीला टेकून फाटी रचा, त्यावर शेणी, शेजारी पेंढ्याची उडवी. गॅसचा जादा सिलिंडरही तिथेच, हाताशी बरा. काजूची बी भाव वाढेल म्हणून पोत्यांत भरून पडवीत ठेवलेली असेलच. तिच्या टरफलातलं तेल एकदा पेटलं की भावाची चिंता मिटते.

वणवा लावला कोणी, ते मात्र विचारायचं नाही. फाल्गुनातल्या निरभ्र आभाळातून वीज पडून तो लागत नाही, एवढं सगळ्यांना कळतं. ‘जाळलं की नवं गवत चांगलं येतं’ म्हणणारा एक असतो. डुकरासाठी रान उठवणारा एक असतो. विडी टाकून पुढे गेलेला असतो, राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजताना, आग हातची सुटलेला असतो. पण गावाचं एकमत होतं ते लोंबकळणाऱ्या विजेच्या तारांवर. तारा खरंच घासतात, ठिणग्याही पडतात, नाही असं नाही. मात्र त्यांचा मोठा गुण हा की तार कोणाची पुतणी लागत नाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहे म्हणे. आपल्याकडे रत्नागिरीत डोंगर बहुतेक खासगी, म्हणजे वनखात्याची हद्द नाही आणि मालक बोरिवलीला. आगीला याहून मोकळं रान कुठे मिळणार?

वणवा बागेतून गेला तर लगेच हळहळू नका, कलमं त्या दिवशी मरत नाहीत. बुंध्याची एक बाजू काळी पडते, साल दोन बोटं फाटते, वर पानं हिरवीच असतात. बघणारा म्हणतो, वाचलं. चार-आठ दिवसांनी तीच पानं तांबूस होऊन झाडावरच लोंबायला लागतात आणि त्यांच्यात सुपारीएवढी कैरी सुरकुतून बसलेली दिसते. फोटो तेव्हा काढा, आधीचा पंचनाम्याला उपयोगी नाही. आणि विझवायला विहिरीवरच्या पंपाचा भरवसा ठेवा, कारण एप्रिलमध्ये विहिरीला पाणी नसतं आणि आग लागल्यावर विजेची लाइनही बंद करतात. ओले टहाळे घेऊन झोडपायला पोरं येतीलच. जी काही तुमच्या-आमच्यासारखी अजून मुंबईला गेलेली नाहीत, ती.

आता आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी. पूर्वी मे महिन्यात घर शाकारायचे. माणूस वर चढायचा, फुटकी कौलं बदलायचा, कुजलेली रीप काढायचा, वाळवी लागलेला वासा ठोकून बघायचा. त्यात वेळ जातो. त्यापेक्षा कौलं उतरवा आणि निळे पत्रे घाला. व्हॉट्सॲपवर लांबूनही ओळखू येतात. पत्रे बसवणारा जाणता असेल तर म्हणेल, कडेच्या ओळीला आणि आढ्यापाशी हुक दाट हवेत, वाशाला भिंतीत पट्टीने बांधायला हवं. त्याचं ऐकू नका. छप्पर वाऱ्याने दबून पडतं अशी तुमची समजूत आहे ना, ती कायम ठेवा. ते खालून उचललं जातं, वारा पडवीतून आणि वळचणीतून आत शिरून त्याला वर ढकलतो आणि वरचा वारा त्याला ओढून घेतो, हे मान्य केलंत तर हुकांचे पैसे वाढतात. हवं तर वर जांभ्याचे चार चिरे ठेवून द्या. उचलताना कमरेत उसण भरेल असा चिरा पत्र्यावर बसला की मनाला फार बरं वाटतं. वाऱ्यात पत्रा उचलला गेला की तो चिरा कुठे उतरतो, हा उतरेल त्याचा प्रश्न.

पडवीही मूळ छपराला जोडून एकसंध घ्या. जुने सुतार पडवीचं छप्पर खाली आणि वेगळं सोडायचे. गेली तर पडवी जायची, माजघर राहायचं. आता असला भेदभाव कोणी ठेवत नाही, जातं ते सगळं एकदम जातं. वादळाच्या दिवशी खिडक्या सताड उघड्या ठेवा. वारा एका बाजूने येईल, दुसरीकडून जाईल, असं सांगणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. आत आलेला वारा आधी छताकडे बघतो, हे मामांना कोणी सांगितलेलं नसतं.

या सगळ्याची चाचणी ३ जून २०२० रोजी झाली. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, ताशी १०० ते ११० किलोमीटर वारा, झोत १२०चे. मुरुडपासून हर्णै-केळशीपर्यंत माडा-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, पत्रे परक्याच्या आवाठात जाऊन पडले, विजेचे खांब काडीसारखे मोडले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. त्यानंतर आपण सगळ्यांनी मिळून जो निष्कर्ष काढला तो फार उपयोगी आहे: असं वादळ शंभर वर्षांतून एकदाच येतं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा किनारा खरवडत गुजरातला गेलं, आणि नोव्हेंबर २००९मध्ये फयान येऊन गेलेलं होतं. पण म्हणून काय निष्कर्ष बदलायचा?

सूचना मिळाली की काय करायचं तेही सांगतो. हवामान खातं आता रंगांत बोलतं, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. लाल आला की गावच्या ग्रुपवर पुढे पाठवा आणि खाली हात जोडलेलं चित्र टाका. झाली तयारी. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागलेला असेल तर होड्या वर ओढतात ती कोळी माणसं. त्यांना समुद्राची भीती वाटते, आपल्याला कुठे वाटते? जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबर भिंतीवर लिहू नका, रंग ताजा आहे. मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे टॉवर आणि बॅटरी दोन्ही गेल्यावर तो सुरक्षित राहील. घरावर झुकलेल्या माडाच्या सुक्या झावळ्याही काढायच्या नाहीत. माडावर चढणारा पाडेली शोधावा लागतो, आणि आजीने लावलेला माड आहे, त्याला हात लावला तर आत्या रागावतील. आत्या नागपूरला असतात.

विमा? छे. १ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी देतात. त्यात आग आहे, वणवा आहे, वादळ आहे, पूर आहे. म्हणजे मुद्दाम कोकणी माणसासाठी लिहिल्यासारखी. तिचा हप्ता भरून आपण वादळ ओढवून का घ्या? त्या पैशात गणपतीला मखर होतं.

एवढं पथ्य पाळलंत की घर पंचनाम्याला तयार. वाडीची भरपाई कशी मिळते ते जाणून ठेवा. निसर्गनंतर फळबागेला हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या वाड्या मोजायच्या गुंठ्यांत, त्यामुळे हेक्टरचा हिशेब ऐकून माणसं आपापल्या गुंठ्यांकडे बघत राहिली. मग झाडामागे देण्याचं ठरलं, माडाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे वर्षाला सात-आठ रुपये पडले. सांभाळलेल्या पोराला एवढे तर खाऊलाही देत नाही आपण.

पण घाबरू नका, ते पैसे तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. सातबारा सामाईक आहे, त्यावर चुलत्यांसकट सगळ्यांची नावं आहेत, आणि रक्कम एकाच्या खात्यात घालायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. एक भाऊ दुबईला, एक बहीण बोलत नाही, धाकटे काका म्हणतात आधी वाटप. तेही जमवलंत तरी पहिलं नाव अजून आजोबांचंच आहे. वारस नोंद पुढच्या शिमग्याला करायची ठरली होती. तेवढी आजोबांची सही आणा, पैसे थेट खात्यात जमा होतात.