‘कोड येत नसेल तर ओपन सोर्सच्या वाटेला जाऊ नका’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेले काही महिने एक लांबलचक संदेश इंजिनिअरिंगच्या मुलांच्या आणि मराठीप्रेमींच्या अशा दोन्ही प्रकारच्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यात माझा सख्खा भाचाही आहे. संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता आणि बदलता येतो ते मुक्त सॉफ्टवेअर, ही फक्त पट्टीच्या प्रोग्रॅमरांची जागा आहे. इंग्रजी फाडफाड येत नसेल तर तिथे कुणी विचारत नाही. तिथे काम करणं म्हणजे बड्या कंपन्यांची फुकट वेठबिगारी. भाषांतर आता यंत्र करतं, त्यामुळे मराठीसाठी माणसं लागत नाहीत. आणि तरीही रिझ्युमेवर नाव हवंच असेल तर कुठल्याही प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये, म्हणजे त्याची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, एखादा शब्द बदलून पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो बदल स्वीकारण्याची विनंती, टाका.

मी मुद्रितशोधक आहे. प्रोग्रॅमिंगची एक ओळही मला लिहिता येत नाही. तरी आठ वर्षं मी मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करते आणि चुका नोंदवते. म्हणून यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे.

पहिला मुद्दा, कोड. माझ्या टेबलावर एकदा एक प्रवासवर्णन आलं होतं. लेखकाने काही ठिकाणचा ‘दऱ्या’ हा शब्द बदलायला सांगितला. मी लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये तो शब्द शोधला, अकरा जागा सापडल्या. पण पानं चाळताना आणखी सहा ठिकाणी तोच शब्द डोळ्यांना दिसत होता, आणि प्रोग्रॅम म्हणत होता की नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कारण कळलं. आपला अर्धा र, तो डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा, यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका पद्धतीत ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराला हलन्त जोडतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यांच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द. लेखकाने अर्धं पुस्तक एका कळफलकावर आणि अर्धं दुसऱ्यावर टंकलं होतं.

ही नोंद मी त्या प्रोग्रॅमच्या चुकांच्या यादीत टाकली. उत्तर देणारा दुसऱ्या देशातला होता, देवनागरी न वाचणारा. दोन्ही शब्द मला सारखेच दिसतात, मग अडचण काय, असं त्याने अगदी मनापासून विचारलं. मी दोन ओळींची एक फाइल जोडली: वर एका पद्धतीचा ‘दऱ्या’, खाली दुसऱ्या पद्धतीचा. शिवाय ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधली खोरी, त्यामुळे सरसकट सगळे र एकच मानून चालणार नाही, हेही लिहिलं. मग त्याला अडचण पुरती कळली. कोड तो लिहील. पण त्या दोन ओळी लिहायला मराठी वाचणारं माणूसच लागतं, आणि त्याला प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही.

हे माझ्यापुरतं खरं आहे असंही नाही. डेबियन हा लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली बनवणारा, १९९३ साली सुरू झालेला, पुरता तांत्रिक समजला जाणारा प्रकल्प. त्याने २०१० मध्ये मतदान घेऊन ठरवलं की पॅकेज (प्रोग्रॅम बसवायला तयार केलेला संच) न बनवणारे, म्हणजे भाषांतर, दस्तऐवज, चित्रं असं काम करणारे लोकही प्रकल्पाचे सभासद होतील. लिब्रेऑफिस या लेखन आणि कार्यालयीन कामाच्या मुक्त सॉफ्टवेअरमागच्या डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेचं सभासदत्वही भाषांतर करणाऱ्याला आणि चुका तपासणाऱ्याला मिळतं, आणि संचालक मंडळ निवडताना त्याच्या मताचं वजन प्रोग्रॅमरच्या मताइतकंच असतं.

इंग्रजीबद्दल फार लिहावं असं काही नाही. चूक नोंदवताना चार गोष्टी लागतात: कोणती आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. दहावीच्या इंग्रजीत हे बसतं. समोरचाही पुष्कळदा जर्मन, ब्राझिली नाहीतर जपानी असतो आणि त्याचं इंग्रजीही कामापुरतंच असतं. स्क्रीनचं चित्र जोडलं की अर्धं काम होतं.

वेठबिगारीचा मुद्दा गंभीर आहे, तो उडवून लावणं योग्य नाही. बड्या कंपन्या मुक्त सॉफ्टवेअरवर अब्जावधी कमावतात आणि त्यातलं थोडंच परत येतं, हे खरं आहे. एमआयटी नावाच्या परवान्यासारख्या सैल वापर-परवान्याखालचा कोड कुणीही उचलून बंद उत्पादनात घालू शकतं, हेही खरं. पण वेठबिगारीत केलेलं काम मालकाचं होतं आणि करणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. इथे काय होतं ते लिब्रेऑफिसच्या जन्मकथेत दिसतं. आधी ओपनऑफिस होतं, सन कंपनीच्या छत्राखाली. २०१० च्या सुरुवातीला ओरॅकलने सन विकत घेतली. नव्या मालकाचा कल काय असेल याची खात्री वाटेना, तेव्हा त्याच वर्षी सप्टेंबरात समूहातले लोक सगळा कोड, सगळी भाषांतरं घेऊन बाहेर पडले आणि लिब्रेऑफिस उभं राहिलं. कंपनीकडे नाव राहिलं, काम मात्र लोकांबरोबर गेलं. परवानाच तसा होता. वेठबिगाराला असं बिऱ्हाड उचलता येत नाही.

शिवाय पैसे मिळण्याच्या वाटा आहेत, त्या संदेशात गाळल्या आहेत. गूगल समर ऑफ कोड हा मुक्त प्रकल्पांवरच्या कामासाठी मानधन देणारा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे, आणि २०२२ पासून तो विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुला आहे. आउटरीची या कार्यक्रमात मानधन मिळतं आणि तिथली सगळीच कामं प्रोग्रॅमिंगची नसतात.

आता यंत्राच्या भाषांतराकडे येते, कारण हा मुद्दा मराठी माणसांनीच पुढे पाठवलेला पाहून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. सॉफ्टवेअरमधलं वाक्य पूर्ण नसतं. त्यात रिकामी जागा असते, पर्सेंट-एस अशी खूण, आणि तिथे आयत्या वेळी कुठलंही नाव येऊन बसतं. इंग्रजीत नावाआधी ‘इन’ लावलं की भागतं. मराठीत ‘पुणे’चं ‘पुण्यात’ होतं, ‘नाशिक’चं ‘नाशकात’ होतं. सामान्यरूप आधीपासून ठरवता येत नाही. यंत्र खुणेला ‘मध्ये’ चिकटवून मोकळं होतं आणि पडद्यावर ‘पुणे मध्ये’ उमटतं. माणूस वाक्याचीच रचना फिरवतो: ‘ठिकाण: पुणे’. प्रत्यय टळतो आणि मराठी शाबूत राहते. किंवा एकटाच ‘लेफ्ट’ हा शब्द घ्या. तो डावीकडचा की उरलेला, हे तो बटणावर आहे की बॅटरीच्या चित्राशेजारी, यावरून ठरतं. ते कळायला प्रोग्रॅम उघडून बघावा लागतो.

यंत्राची मदत घेऊ नका असं मी म्हणत नाही, मीही घेते. पण फायरफॉक्सचं मराठीकरण जिथे होतं त्या पॉन्टून या संकेतस्थळावर नवख्याने लिहिलेली ओळ आधी सूचना म्हणून थांबते आणि अधिकार असलेलं माणूस ती तपासून मंजूर करतं. यंत्राने सूचनांचा ढीग वाढवला तर तपासणारे जास्तच लागतील. केरळात स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग या समूहाने वर्षानुवर्षं नेटाने काम करून मीरा, मंजरीसारखे फाँट सांभाळले आणि भाषांतरं केली. बोलणाऱ्यांची संख्या पाहिली तर आपण मल्याळमपेक्षा किती मोठे! मग आपल्या बाजूला तपासायला माणूस नाही, हे मला लागतं.

शेवटचा सल्ला, रीडमीतला शब्द बदलण्याचा. तो सरळ सरळ नुकसान करणारा आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे मुक्त प्रकल्पांना हातभार लावण्याच्या उपक्रमात, ऑक्टोबरात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळत होता. रीडमीत निरर्थक शब्द घालणाऱ्या रिक्वेस्टींचा असा लोंढा आला की आयोजकांना काही दिवसांतच नियम बदलावा लागला आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला तेवढेच त्यात धरले गेले. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पाचं तेच झालं. शिकवणीच्या व्हिडिओत उदाहरण म्हणून दाखवलेली कृती शिकणाऱ्यांनी खरोखरच्या प्रकल्पावर केली, आणि त्यांत आपल्या देशातली मुलं पुष्कळ होती. अशी एकेक रिक्वेस्ट कुणीतरी उघडून वाचतो, बंद करतो. तो बहुधा दिवसभराची नोकरी करून रात्री बसलेला असतो.

हा थकवा किती महाग पडतो ते त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेडच्या प्रकरणात दिसलं. फाइल दाबून लहान करणारं हे साधन असंख्य लिनक्स संगणकांवर असतं आणि ते मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, असं त्याने २०२२ मध्येच काकुळतीने लिहिलं होतं. मदतीचा हात म्हणून पुढे आलेल्या एका खोट्या नावाच्या व्यक्तीने विश्वास कमावला आणि आत चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या एका शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो पकडला. त्या सांभाळणाऱ्याच्या शेजारी आधीच कुणी भरवशाची माणसं बसली असती, नोंदी चाळणारी, प्रश्नांना उत्तरं देणारी, तर त्या खोट्या मदतीला इतकी मोकळी जागा मिळाली नसती असं मला वाटतं.

भाच्याला मी फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, पण मग सुरुवात कुठून करू?” माझ्या त्या ‘दऱ्या’च्या नोंदीवर एक प्रश्न अनुत्तरित पडला होता: इतर कळफलकांवर हा अर्धा र कसा उमटतो? माझ्याकडे एकच संगणक. रविवारी तो घरी आला, लॅपटॉपवर एकदा आणि मोबाइलवर एकदा तोच शब्द लिहिला आणि दोन्हींचे संकेतांक काढून पाहिले. ते वेगळे निघाले. कोणतं यंत्र, कोणता कळफलक, काय उमटलं, असं त्याने तीन ओळींत स्वतःच्या इंग्रजीत लिहून नोंदीखाली टाकलं आणि मला हाक मारून विचारलं, “‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ पण तपासू का?”