चार झाडं आणि आमचं डायनिंग टेबल

भाच्याने न्यूयॉर्कहून येताना माझ्यासाठी हजार तुकड्यांचं जिगसॉ पझल आणलं, मामा रिटायर झालाय, वेळ जात नसेल असा त्याचा प्रेमळ गैरसमज. चित्र तिथल्या मेट म्युझियममधलं, फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं, १८९१ सालचं, नाव 'चार झाडं'. खोक्यावर बघितलं तर खरंच चार खोडं, शेंडेसुद्धा नाहीत. म्हटलं दोन संध्याकाळींचं काम.

उघडल्यावर कळलं की झाडं नदीकाठी आहेत. म्हणजे चार खोडं वर आणि तीच चार खाली पाण्यात, त्यामुळे खोडाचा कुठलाही तुकडा उचला, सुलटाही बरोबर वाटतो आणि उलटाही. त्यात मोनेसारख्या या इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणातला उजेड टिपणाऱ्या मंडळींना सावलीत काळ्याचं वावडं, सावली जांभळी नाहीतर निळी, अरे सरळ काळी केली असतीत तर माझे दोनशे तुकडे तासाभरात बाजूला निघाले असते! घरातली ताटं काढली. एकात हिरवे, एकात जरा कमी हिरवे, एकात जांभळे (बायकोच्या मते निळे), आणि चौथ्यात ज्यांच्याबद्दल आम्हा दोघांनाही काही बोलायचं नव्हतं ते. जेवायला ताटं उरली नाहीत, पण तसं टेबलही उरलं नव्हतं.

रात्री ट्यूबलाइटखाली आकाशाचा झकास पट्टा जुळवला, सकाळी बघतो तर अर्धं पाणी. तुकडे दाबून दाबून बसवले होते, बसले होते बिचारे. मग लक्षात आलं की रंग खरे दिसतात ते फक्त उन्हात, आणि आमच्या टेबलावर ऊन येतं समोरच्या टॉवरच्या दोन विंगांच्या फटीतून, सव्वाआठ ते साडेआठ, बस. तेवढ्या वेळात चहा नाही, पेपर नाही, बेल वाजली तरी मी उठत नाही, एकदा दूधवाला वैतागून पिशवी दाराला अडकवून गेला.

मोनेबद्दल वाचलं तेव्हा त्याचंही हेच निघालं. तो राहायचा त्या गिवर्नी गावाजवळच्या एप्ट नदीत होडी, होडीत कॅनव्हास उभे ठेवायला खाचा, ऊन बदललं की हातातला कॅनव्हास खाली, पुढचा वर. लिला कॅबट पेरी नावाची चित्रकार त्याची शेजारीण, तिने लिहून ठेवलंय की पॉप्लरच्या झाडांवरचा (माझी चार झाडंही पॉप्लरच) एक इफेक्ट जेमतेम सात मिनिटं टिकायचा, ठरावीक पानावरचं ऊन सरकलं की खेळ खलास. अशी चोवीसेक चित्रं केली त्याने. मला तर पंधरा मिनिटं मिळत होती!

बरं, चित्रं अर्धवट असताना लिमेत्झ गावाने ती झाडंच लिलावात काढली. मोने मेयरकडे गेला, मेयर ऐकेना. मग त्याने लाकूडवाल्याला गाठलं, तुझ्या हिशोबापेक्षा बोली वर गेली तर वरचे पैसे मी देतो, फक्त माझं होईपर्यंत कुऱ्हाड लावू नकोस.

आमच्या घरच्या मेयरने बुधवारी जाहीर केलं, "अहो, रविवारी भिशी आपल्याकडे, टेबल मोकळं पाहिजे." मी मुदत मागितली, तिने नुसतं बघितलं. मग मी गुपचूप शेजारच्या वहिनींकडे गेलो, म्हटलं यावेळची भिशी तुमच्याकडे घ्या, बटाटेवडे माझ्याकडून. वहिनी म्हणाल्या, "आणि जिलबी?" लाकूडवाला परवडला असता हो.

पुढच्या गुरुवारी आठ सत्तावीसला शेवटचा तुकडा बसला. पोळ्यांच्या काकू पीठ लागलेल्या हातांनी बघायला आल्या, मान तिरकी करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "खाली परत तेच काढलंय व्हय?"

शुक्रवारी आठ वाजून दहा मिनिटांनी बायको ओलं फडकं घेऊन टेबलाशी उभी. "झालं ना आता?"

म्हटलं, पाचच मिनिटं थांब, ऊन येऊ दे.