शार्क कमी होत नाहीत, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शार्क संपत चालल्याची ओरड खोटी आहे, परांच्या (फिन्सच्या) सूपसाठी होणारी कत्तल बंदीमुळे थांबली, शेवटी मासाच तो, चार वर्षांत पुन्हा भरून येईल, आणि हा चीनचा प्रश्न आहे, आपला नाही. यातलं एकही विधान टिकत नाही.

‘ओरड खोटी आहे.’ २०२१ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासानुसार खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची (शार्कच्या नात्यातल्या चपट्या माशांची) संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली. त्याच काळात त्यांच्यावरचा मासेमारीचा ताण १८ पट झाला. अशा ३१ जातींपैकी २४ जातींचं अस्तित्व धोक्यात आहे. ओशनिक व्हाइटटिप हा एकेकाळी उष्ण समुद्रांत सर्रास दिसणारा शार्क. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याच्या मागे मुद्दाम कोणी लागलं नव्हतं, टूनासाठी सोडलेल्या मैलोन्‌मैल लांब दोऱ्यांच्या गळांना तो लागत गेला.

‘बंदीमुळे कत्तल थांबली.’ हे विधान सर्वांत फसवं, कारण ते अर्धं खरं आहे. पर कापून जिवंत शार्क समुद्रात फेकण्यावर बहुतेक ठिकाणी बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती. पण शार्क मारू नका, असं तो कायदा म्हणत नाही. पर अंगाला असू द्या आणि अख्खा शार्क बंदरात आणा, एवढंच म्हणतो. मग आणलेलं मांस विकायला बाजार उभा राहिला. यकृताच्या तेलाला मागणी होतीच. २०१२ ते २०१९ या काळात असे कायदे वाढत गेले, तरी मासेमारीत दरवर्षी मरणाऱ्या शार्कचा आकडा सुमारे ७.६ कोटींवरून ८ कोटींवर गेला. किनाऱ्याजवळच्या मासेमारीत ही वाढ झाली.

‘चार वर्षांत भरून येईल.’ बांगडा वर्ष-दोन वर्षांत वयात येतो आणि हजारोंनी अंडी सोडतो. त्याचा हिशेब शार्कला लावता येत नाही. शॉर्टफिन माकोची मादी वयात यायलाच अठरा-वीस वर्षं लागतात. गर्भ सव्वा ते दीड वर्ष पोटात राहतो, एका वेळी साधारण डझनभर पिल्लं होतात, आणि दोन वेतांमध्ये तीन वर्षं जातात. उत्तर अटलांटिकमधल्या माकोबद्दल शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला: एकही मासा मारला नाही, तरी २०४५ पर्यंत साठा सावरण्याची शक्यता जेमतेम निम्मी. वयात येण्याआधीच मादी गळाला लागली, तर पुढची पिढी येणार कुठून?

‘हा चीनचा प्रश्न.’ सर्वाधिक शार्क पकडणाऱ्या देशांत इंडोनेशिया आणि स्पेनच्या बरोबरीने भारताचं नाव येतं. परांच्या निर्यातीवर आपण २०१५ मध्ये बंदी घातली, पण मांस इथेच खपतं. मालवणात नि गोव्यात मोरी, मुंबईकडे मुशी या नावाने शार्क आवडीने खातात, आणि त्यात काही गुन्हा नाही. दुखतं ते टोपलीतली वीतभर पिल्लं पाहून. कोळंबीसाठी ओढलेल्या ट्रॉलच्या जाळ्यात मुशीची आणि कानमुशीची (हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कची) पिल्लंही येतात. लहान होडीवाल्यावर सगळा दोष ढकलणं मला मान्य नाही. पिल्लं वाढतात ती उथळ जागा बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यांनी खरवडली जाते, तिथे बोट ठेवायला हवं.

मेसेजच्या शेवटी ‘आता कोणी काही करू शकत नाही’ असंही एक वाक्य आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार होत असे. २००१ मध्ये त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. २००४ पासून रामकथाकार मोरारी बापूंनी त्याला बाळंतपणाला माहेरी येणारी लेक म्हटलं, त्याला सोडवण्यासाठी कापलेल्या जाळ्याची भरपाई वन विभागाने सुरू केली, आणि मच्छीमारांनी तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क स्वतःच्या हाताने सोडले. महाराष्ट्रातही २०१८ च्या अखेरीपासून संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापणाऱ्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.