चांदसैलीला घाट म्हणायचं की नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

'शहादा ते लेह: दुचाकीवर बावीस दिवस' हा माझा आराखडा वाचून एका वाचकांनी प्रतिक्रिया लिहिली. त्यांनी नाव दिलेलं नाही. मला ताई म्हणतात, म्हणून मीही त्यांना दादाच म्हणते. प्रतिक्रिया ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी ती इथे देते:

"ताई, लेख चांगला आहे, पण घरात बसून नकाशावर बोट फिरवल्यासारखा वाटतो. तोरणमाळ-चांदसैलीला घाट म्हणायचं असेल तर म्हणा, पण तिथे सराव करून कोणी लडाखला जायला तयार होत नाही. बावीस दिवस कशाला? आम्ही चौदात जाऊन आलो. तांदीनंतरच्या पेट्रोल पंपाचं अंतर चुकलंय. दीडशे सीसीवर तर जाऊच नका. आणि पहिल्यांदा जाताय तर मनालीऐवजी श्रीनगरहून चढा."

नवीन वाचकांसाठी: तोरणमाळ आणि चांदसैली म्हणजे आमच्या नंदुरबार जिल्ह्यातले, सातपुड्यातले चढ-उताराचे रस्ते.

चार दिवस मी उत्तर दिलं नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे होते, आणि रागात लिहायचं नव्हतं. राग पूर्ण गेलेला नाही, तरी आता लिहिते.

आधी माझी चूक. मनाली-लेह रस्त्यावरच्या तांदीच्या पंपाजवळच्या पाटीवर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं लिहिलेलं आहे. ती पाटी मी स्वतः पाहिलेली आहे, आणि तरी लेखात ३३५ टाईप झालं. माझ्या गाडीची टाकी बारा लिटरची. सामानासकट, चढावर, लिटरला तीस किलोमीटर धरले तर टाकीत ३६० किलोमीटर जातात. म्हणजे ३३५ वाचून एखादा कॅन न घेता निघाला, तर तो लेहच्या अलीकडे गाडी ढकलत बसेल. पाच लिटरचा कॅन सामानाच्या यादीत पहिल्यापासून होता, पण आकडा चुकला तो चुकलाच. दुरुस्त केला आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार.

पण दादा, एवढं सांगायला 'घरात बसून नकाशावर बोट' हे वाक्य लागत होतं का? 'आकडा तपासा' म्हटलं असतं तरी मला कळलं असतं. आपल्याकडे एखाद्या बाईने स्वयंपाकावर लिहिलं तर तिला कोणी विचारत नाही की तू चुलीपाशी बसली आहेस का. गाडीवर लिहिलं की पहिला प्रश्न हाच, की स्वतः चालवली का. तुम्ही बाई म्हणून तसं लिहिलं नसेल, असं मी धरून चालते. मी वाचताना मात्र तसंच वाचलं, कारण हे वाक्य मी या आधी बऱ्याच तोंडून ऐकलं आहे.

आता घाटाचं.

'घाट म्हणायचं असेल तर म्हणा.' मी २००९ साली धडगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर रुजू झाले. राहायला तळोद्याला. तळोदा, कोठार, चांदसैली, धडगाव, आणि तिथून पुढे शाळेचा फाटा. पहिलं वर्ष जीपने काढलं. एका जीपमध्ये किती माणसं बसतात आणि किती लटकतात ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. दुसऱ्या वर्षी वडिलांनी त्यांची जुनी १०० सीसीची गाडी दिली आणि पुढची नऊ वर्षं मी तो घाट गाडीवर चढले-उतरले. शाळेचे दिवस मोजा, जाणं-येणं धरा, दांड्या आणि बंद रस्त्याचे दिवस वजा करा. तरी हजारांत फेऱ्या निघतात. त्यात चार महिने पावसाळा. श्रावणात त्या घाटात धुकं असं उतरतं की पुढची जीप दिसत नाही, तिचा फक्त हॉर्न ऐकू येतो.

आणि दादा, हा घाट लोकांना काय करतो ते तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. २०२१ च्या सप्टेंबरात चांदसैलीत दरड कोसळून रस्ता बंद झाला होता. एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन पायी दवाखान्याकडे निघाला आणि ती वाटेतच गेली. बातमी तेव्हा राज्यभर आली होती. आमच्या शाळेतली मुलं तसल्याच पाड्यांवरून येतात. त्या रस्त्याला घाट म्हणायची परवानगी मला तुमच्याकडून नको आहे.

हे झालं मनाचं. आता सरावाचं, कारण मुद्दा तोच आहे.

माझे वडील एसटीत चालक होते. शहादा-धडगाव ही त्यांची कितीतरी वर्षांची फेरी. घरी आम्ही अहिराणी बोलतो. मला गाडी देताना त्यांनी एवढंच सांगितलं, "घाटमा घाई नको." आणि एक नियम दिला. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. गाडीचा वेग इंजिनाने धरायचा, ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी. ऐकायला सोपं आहे. पण मागे वीस-बावीस किलोचं सामान बांधलेलं असतं, उतार संपता संपत नाही, आणि पायाला वाटत राहतं की दाबून ठेवावं. ती पायाची सवय मोडायला महिने लागतात. ती मनालीच्या पुढे जाऊन मोडत नाही. तिथे वेळही नसतो आणि श्वासही पुरत नसतो.

२०१८ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघं, मी आणि माझे मिस्टर, दोन गाड्यांवर लेहला निघालो होतो. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे. मिस्टरांची नोकरी दोंडाईचाला, रस्ता सगळा सपाट, घाटाशी संबंध लग्नाकार्यापुरता. गाडी त्यांची माझ्यापेक्षा मोठी आणि नवी. तेव्हा रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा झाला नव्हता, तो ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. आम्हाला रोहतांग चढूनच जायचं होतं, ३९७८ मीटर. चढलो नीट. पलीकडे कोकसरकडे उतरताना त्यांनी मागचा ब्रेक पायाखाली धरून ठेवला. पाच-सहा किलोमीटरवर जळका वास येऊ लागला, मग ब्रेक नुसताच खाली जायला लागला. पुढच्या ब्रेकवर आणि पहिल्या गिअरमध्ये कशीबशी गाडी थांबली. एक जण बाटली घेऊन ब्रेकच्या ड्रमवर पाणी ओतायला धावला. मी त्याला अडवलं, कारण तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते वाकतं, तडकतं, हेही वडिलांनीच सांगितलं होतं. तासभर बसून राहिलो. ब्रेक शू जळून गेले होते. सावकाश पुढच्या केलाँग गावापर्यंत गेलो आणि नवे ब्रेक शू आणायला मिस्टर बसने मनालीला परतले. त्यात दोन दिवस गेले. आमचा आराखडा चौदा दिवसांचा होता, दादा. त्यात मोकळा दिवस एकही नव्हता. आम्ही केलाँगहून मागे फिरलो. मी पुढची बारालाचा खिंड पाहिली नाही, लेह पाहिलं नाही.

त्याच उतारावर माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आली आणि ड्रमला हात लावला तर कोमट होता. रस्ता तोच, दिवस तोच. माझ्याजवळ जास्त काय होतं? चांदसैली होती.

म्हणून लेखात मी लिहिलं की निघण्याआधी किमान चार वेळा भरल्या गाडीने तोरणमाळ आणि चांदसैली करा. भरल्या गाडीने, हा शब्द तुम्ही गाळलात. रिकाम्या गाडीवर कणीस खायला तोरणमाळला जाणं वेगळं. सगळं सामान बांधून शहाद्याहून निघा. तीस किलोमीटरवर कळतं कोणती दोरी सैल होते आणि कोणती पिशवी सायलेन्सरला चिकटते. सातपायरीच्या वळणांवर कळतं की मागे वजन उंच बांधलं की गाडी वळणात ओढते, आणि मग पुढच्या वेळी आपण जड सामान आपोआप खाली बांधतो. वर यशवंत तलावापाशी मागचं चाक स्वतः काढायचं, ट्यूब बदलायची, परत बसवायचं, चेनचा ताण बघायचा. मला पहिल्यांदा पावणेदोन तास लागले. आता चाळीस मिनिटं लागतात. लिटरला ४७ देणारी माझी गाडी सामानासकट ३८ देते, हेही मला त्याच फेऱ्यांत कळलं. पेट्रोलचा हिशेब करताना घाटासाठी आणि उंचीसाठी मी त्याहून खाली, तीसवर आले, ते त्या आकड्याच्या आधारावर.

पाण्याचंही तसंच. मनाली-लेह रस्त्यावर बर्फ वितळून नाले भरतात. उन्हं चढली की पाणी वाढतं, म्हणून ते सकाळी ओलांडायचे, हे सगळे सांगतात. पण ओलांडायचं कसं, हे आमच्याकडे जुलैमध्ये धडगावच्या वाटेवर शिकायला मिळतं. आधी थांबायचं. एखादी जीप जाऊ द्यायची आणि पाणी तिच्या चाकाच्या कुठवर येतं ते बघायचं. जीप येत नसेल तर स्वतः उतरून चालत जायचं. मग पहिला गिअर, एक्सलेटर एकसारखा, मध्येच क्लच दाबायचा नाही, नजर पाण्यावर नाही, पलीकडच्या काठावर. दोनदा पडल्यावर मला हे आलं. दोन्ही वेळा आमच्याच नाल्यात पडले, आणि तिथल्या लोकांनी गाडी उचलून दिली, मला घरी नेलं, कपडे सुकवले.

एक मान्य करते. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे आणि लेह साडेतीन हजार. विरळ हवेची सवय सातपुड्यात होत नाही, कुठल्याच सरावाने होत नाही, आणि मी तसं कुठे म्हटलेलंही नाही. त्यासाठी आराखड्यात वाटेवर, केलाँगच्या पुढे, जिस्पाचा मुक्काम आहे आणि लेहला पोचल्यावर दोन दिवस गाडीला हात न लावता पडून राहायचं आहे. डोकं दुखत राहिलं, उलट्या सुरू झाल्या तर वर न जाता खाली उतरायचं, हे ठळक अक्षरांत आहे. तुम्ही लेख वाचला असेल तर दिसलं असेल.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बावीस दिवस का, ते वर आलंच. दीडशे सीसीचं म्हणाल तर माझी गाडी इंजेक्शनची आहे, म्हणजे हवेप्रमाणे पेट्रोल किती सोडायचं ते ती स्वतः ठरवते; उंचीवर तिचा जोर कमी होणार, ती बंद पडणार नाही. लेह-मनालीची स्थानिक माणसं याहून लहान गाड्यांवर रोज कामाला जातात. श्रीनगरहून चढा म्हणता, तुम्ही चढा. मला मनालीहूनच जायचं आहे. माझा रस्ता केलाँगला अर्धा राहिला आहे आणि तो मला तिथून पुढे पुरा करायचा आहे. आता बोगद्यामुळे रोहतांग टळेल. बारालाचा टळत नाही, तंगलंगला ही ५३२८ मीटरवरची खिंडही टळत नाही, आणि प्रत्येक चढाला पलीकडे उतार आहेच.

आणखी एक, कारण हे मला कुठेतरी सांगायचंच होतं. आमच्या शिरपूरवरून आग्रा रोडने जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ इंदूर, कोटा, जयपूर, हिसार करत थेट पंजाबात संगरूरला जातो. दक्षिणेकडे तोच रस्ता धुळ्याहून चाळीसगावला आणि कन्नडचा औट्रम घाट चढून पार कर्नाटकात अंकोल्याच्या समुद्रापर्यंत पोचतो. हिमालयाच्या पायथ्याकडे नेणारा रस्ता खानदेशातूनच निघतो. पुण्या-मुंबईच्या लेखांमध्ये सहल चंदीगडला सुरू होते, आधीचे दिवस कोणी मोजतच नाही. आमच्या पोरापोरींनी मे महिन्यातल्या ४४ डिग्रीत हा रस्ता कसा काढायचा, पहाटे चारला निघून अकराला कुठे थांबायचं, हे कोणीतरी लिहायला हवं होतं, म्हणून मी लिहिलं. ते लिहिणारी बाई घरात बसून बोट फिरवते, असं तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात.

येत्या रविवारी पहाटे साडेचारला आम्ही दोघं शहाद्याहून तोरणमाळला निघतो आहोत, पूर्ण सामान बांधून. यंदाची ही तिसरी फेरी. मिस्टरांनी नवे ब्रेक शू टाकले आहेत आणि उतरताना ते पुढे राहणार, मी मागून त्यांचा ब्रेकचा दिवा मोजणार. मागच्या फेरीला तो एकोणतीस वेळा लागला होता. दादा, तुम्ही खरंच या. लडाखला नेलेलं सगळं सामान बांधून या. नाश्त्याचं आमच्याकडे लागलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा असेल. उतरताना गिअर दुसरा ठेवा.