हे गतिरोधक नव्हेत, रस्त्यात घातलेले बांध आहेत!

दीड फूट रुंद, सहा-सात इंच उंच डांबराचा ढीग रस्त्यात आडवा ओतायचा, वरून फावड्याची पाठ मारायची आणि त्याला गतिरोधक म्हणायचं! पट्टे नाहीत, पाटी नाही, वर दिवाही नाही. अंधारात माणूस थेट त्यावर जाऊन आदळतो. संताप येतो याचा.

माप कुणाला माहीत नाही असंही नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने ते १९८८ सालीच ठरवून दिलं होतं. ताशी २५ किलोमीटर वेगासाठी गोल माथ्याचा उंचवटा, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर. म्हणजे बारा फुटांत चार इंच. अंगावर काळे-पांढरे पट्टे, आणि ४० मीटर आधी फलक.

ही बारा फूट रुंदी उगाच नाही. तेवढ्या रुंदीवर गाडी अलगद चढते नि उतरते. वेगात गेलात तर अख्खी गाडी उचलली जाते, म्हणून चालवणारा आपणहून ॲक्सिलरेटर सोडतो. दीड फुटाच्या बांधावर नेमकं उलटं घडतं. सुसाट येणाऱ्याचं चाक वरून उडून जातं, दणका टायर आणि शॉकअप खातात. हळू, नियमाने जाणाऱ्याच्या मात्र थेट मणक्यात बसतो. ज्याला अडवायचं तो सुटतो आणि शिक्षा भलत्यालाच! स्कूटरवर मागे एका अंगाने बसलेली, मांडीवर पोर घेतलेली बाई, रिक्षातली गरोदर बाई, ॲम्ब्युलन्समधला हाड मोडलेला पेशंट. यांनी काय घोडं मारलंय?

पावसाळ्यात तर हाल विचारू नका. बांध कडेपर्यंत भिडवलेला, पाण्याला वाट नाही. पाणी त्याच्या पोटाशी साचतं, खडीवरचं डांबर सुटतं, आणि पंधरा दिवसांत बांधाला लागून खड्डा तयार. आधी खड्ड्यात आपटा, मग बांधावर. रबरी पट्ट्यांचीही तीच गत. अवजड गाड्यांखाली एकेक तुकडा उखडतो आणि मागे रस्त्यात बोल्ट उभे राहतात, टायर फाडायला.

नीट करायला लागतं तरी काय? जागा झाडून कोरडी करायची, डांबराचा पातळ हात मारायचा, गरम माल टाकून रोलर फिरवायचा. त्या गोलाईचा प्लायवूडचा साचा वर धरून बघायचं. दोन्ही कडा रस्त्याशी शून्यावर मिळवायच्या, बाजूला पाण्याला फट ठेवायची, पट्टे त्याच दिवशी मारायचे. पट्टे ‘नंतर मारू’ म्हणणाऱ्याने त्या रात्री तिथे दिवा घेऊन उभं राहावं.

आपल्या गल्लीतल्या बांधाला टेप लावा. रुंदी, उंची लिहा, टेपसकट फोटो काढा आणि महापालिकेच्या पथ विभागाला व वाहतूक पोलिसांना लेखी द्या. सोबत माहिती अधिकाराचा जोडपत्र ‘अ’ अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. प्रश्न तीनच: हा गतिरोधक कोणाच्या परवानगीने झाला, मंजूर माप काय होतं, बिल कोणत्या मापाचं निघालं? ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.